देवाचा संकेत की मनाची ओढ? गावातल्या माणसासाठी प्रार्थनेची आणि पारखण्याची रीत

बोअर कुठे मारायची, पोरीला आलेलं स्थळ धरायचं की सोडायचं, धाकट्याचा हिस्सा आताच तोडून द्यायचा की म्हातारा आहे तोवर थांबायचं. विदर्भातल्या खेड्यात देवापुढे जाणारे प्रश्न बहुतेक असेच असतात. ब्रह्म सगुण की निर्गुण, हा वाद सप्ताहाच्या मंडपात होतो. देव्हाऱ्यापुढे माणूस वावराचा आणि लेकराबाळांचा प्रश्न घेऊन बसतो. त्यात काहीही कमीपणा नाही. खरी अडचण नंतरची आहे. प्रार्थना केली, पहाटे स्वप्न पडलं किंवा भाकर खाता खाता मनात एकदम एक गोष्ट पक्की झाली. आता हे देवानं दाखवलं असं धरून चालायचं, की आपल्याच मनानं देवाचा आवाज काढला?

याला एका वाक्यात उत्तर नाही, पण रीत आहे, आणि ती जुनी आहे. आधी बैठक, मग नोंद, मग पारख. बहुतेक लोक बैठकीवरून थेट निर्णयावर उडी मारतात आणि तिथेच फसतात.

बैठक: वीस मिनिटांची

‘रोज पहाटे चार वाजता उठा’ हा सल्ला शेतकरी घरात टिकत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांना दिवस उजाडायच्या आत स्वयंपाक उरकून वावरात पोचायचं असतं, आणि रब्बीत पंपाची लाइन रात्रीची असली की माणसं पहाटेपर्यंत ओलितावर असतात. म्हणून प्रार्थनेला घड्याळ बांधण्यापेक्षा एखाद्या रोजच्या कामाशी बांधा. सांजेच्या दिवाबत्तीनंतर, जेवणाच्या आधी, ही वेळ सगळ्यात जास्त टिकते. जेवल्यावर बसलात तर पाच मिनिटांत पेंग येते. रात्रीचं ओलित असेल त्या आठवड्यात दुपारी झोपून उठल्यावर बसा. वेळ हलली तरी चालेल, क्रम हलवू नका.

जमिनीवर घोंगडी किंवा सतरंजी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीच्या खुर्चीवर बसा. खाटेवर मात्र नको, तिथे शरीराला झोपेची सवय असते. मोबाइल नुसता मुका करून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दोन मिनिटं काही करायचं नाही, श्वास खाली बसू द्यायचा. मग नाम. १०८ मण्यांची एक माळ, एका नामाला चार सेकंद धरले तर सात मिनिटांच्या आसपास होते. तीन मिनिटांत माळ उरकत असेल तर जीभ चालते आहे, तुम्ही नाही. कोणतं नाम, हे घरच्या परंपरेनं ठरवा: वारकरी घरात ‘रामकृष्णहरी’, शेगाववाल्यांच्या घरात ‘गण गण गणात बोते’, महानुभावांच्या घरात त्यांच्या आचारानं ठरलेलं स्मरण. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील होतं आणि तिथे कुणापाशी मागणं नसतं. अशा घरातल्या माणसानंही पुढची शांत बैठक आणि पारख घ्यायला हरकत नाही.

नामानंतर तीन मिनिटं दिवसाचा झाडा. आज कुणाला टाकून बोललो, कुणाची मजुरी अडवली, कुणामुळे काम सोपं झालं. हा भाग लोक गाळतात, कारण तो गोड लागत नाही. पण ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्याविषयीचा राग न उपसता प्रश्न विचारला, तर ‘संकेत’ म्हणून जे येतं ते हमखास त्या रागाच्या बाजूनं येतं. धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, वादात तर हे ठरलेलंच.

पुढची तीन मिनिटं प्रश्नाची. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘बोअरला पाणी लागू दे’ हे मागणं झालं. ‘बोअरसाठी कर्ज काढावं का’ हे विचारणं झालं. दोन्ही चालतात, पण एका बैठकीत एकच घ्या, नाहीतर मागणंच उत्तर होऊन बसतं. प्रश्न मोठ्यानं आणि आपल्या घरच्या बोलीत बोला. ‘देवा, मले समजत नाई, वावर इकू का ठेवू’ हे पोथीतल्या भाषेपेक्षा बरं, कारण पोथीच्या भाषेत माणूस जरा चांगुलपणाचा आव आणतो. आणि प्रश्नासोबत आपली इच्छाही सांगून टाका: ‘मले तर इकायचंच हाय.’ जी इच्छा झाकून ठेवली जाते, तीच पुढे देवाच्या आवाजात बोलते.

शेवटची पाच मिनिटं गप्प. काही ऐकू यावं म्हणून कान टवकारून बसायचं नाही. बहुतेक दिवस काहीही येत नाही, आणि ते ठीक आहे.

एक मोजमाप स्वतःशी लावा. ‘हो’ आलं तरी चालेल आणि ‘नाही’ आलं तरी चालेल, असं मनात आहे का? गीतेत ज्याला समत्व म्हटलं आहे त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ एवढाच. ते नसेल तर अजून विचारण्याची वेळ आलेली नाही. आठ-दहा दिवस फक्त नाम घ्या, प्रश्न बाजूला ठेवा. निम्मे प्रश्न या काळातच आपला आकार बदलतात: वावर विकायचं की नाही, यामागे खरं दुखणं थोरल्याशी न बोलण्याचं होतं, असं निघतं.

पारायणाला बसणाऱ्यांसाठी थोडं. गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. एका दिवसात एका बैठकीत सगळे वाचण्याची रीत आहे, तीन दिवसांची आहे, आणि सात दिवस रोज तीन अध्याय ही सुद्धा आहे. मनात निर्णयाचा प्रश्न असेल तर सात दिवसांचं घ्या. एकदिवसीय पारायणाच्या शेवटी शरीर थकलेलं आणि मन भारलेलं असतं; त्या अवस्थेत जे सुचतं ते नोंदवा, पण त्यावर त्याच संध्याकाळी व्यवहार करू नका. उपासाचंही तसंच. साखरेचा आजार असलेल्यांनी गोळी-इन्सुलिन आणि उपास यांचा मेळ डॉक्टरांना विचारून बसवावा. साखर घसरली की घाम येतो, थरथर होते, भान हरवतं, आणि घरातले त्याला ‘देव आला’ म्हणतात. शुद्ध असेल तर आधी साखरेचं पाणी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या.

नोंद: कुणाला सांगण्याच्या आधी

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक नोंदीत तारीख, विचारलेला प्रश्न, जे आलं ते जसंच्या तसं, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: उपास होता का, ताप होता का, किती झोप झाली, दारू घेतली होती का, नवीन गोळी सुरू झाली का, घरात कुणी वारलं का.

‘जसंच्या तसं’ म्हणजे खरोखर तसंच. स्वप्नात पांढऱ्या धोतरातला म्हातारा दिसला असेल तर ‘पांढऱ्या धोतरातला म्हातारा’ असं लिहा. ‘महाराजांनी दर्शन दिलं’ असं लिहू नका. पहिली नोंद आहे, दुसरा अर्थ आहे. अर्थासाठी पुढे भरपूर वेळ मिळतो. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाच्या स्वप्नाची हकीकत अभंगात दिली आहे. त्यात माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार आहे, गुरू बाबाजींनी डोक्यावर हात ठेवून सांगितलेला ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र आहे, आणि गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं ते द्यायचं विसरलो, हेही आहे. तुपाची गोष्ट गाळली असती तर प्रसंग जास्त भव्य दिसला असता. त्यांनी गाळली नाही. स्वप्न असं लिहावं.

वहीत उतरण्याआधी ती गोष्ट पारावर गेली की संपलं. पहिल्यांदा सांगताना ‘काहीतरी बोलल्यासारखं वाटलं’ असतं, चौथ्यांदा सांगेपर्यंत पूर्ण वाक्य तयार होतं, आणि मग सांगणाऱ्यालाही ते वाक्यच आठवतं. यात खोटेपणा नसतो, आठवण अशीच चालते.

घरात मृत्यू झाल्यानंतर काही आठवडे गेलेल्या माणसाचा आवाज येणं, तो दारात उभा दिसणं, त्याच्या विडीचा वास येणं हे पुष्कळांना होतं. भिऊ नका, आणि त्यावरून ‘त्याचा जीव अडकला’ असा निष्कर्ष काढून खर्चातही पडू नका. वहीत लिहा.

पारख

सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवतात, आठवडाभरानं कोंब मोजतात, आणि सत्तरच्या खाली निघाले तर बियाण्याचं प्रमाण वाढवतात किंवा ते बियाणंच बदलतात. बियाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे; पेरल्यावर परत काढता येत नाही म्हणून. मनात आलेल्या संकेताला हीच वागणूक द्यायची.

पारखायला सगळ्यात कामाचं साधन समर्थ रामदासांनी दिलेलं आहे: शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती, आत्मप्रचीती. तिन्ही एका जागी आल्या तरच पुढे जा. गावातल्या व्यवहारात याचा अर्थ असा लावता येतो.

शास्त्रप्रचीती म्हणजे पोथीतला एखादा ओळखीचा चरण शोधून आपल्या बाजूनं उभा करणं नाही. संतांनी आणि शास्त्रांनी ज्याला सरळसरळ अधर्म म्हटलं त्याच्या विरुद्ध संकेत जातो का, हे पाहणं. ज्यात खोटं बोलावं लागतं, दुसऱ्याचा हक्क बुडतो, जिवाला इजा होते, तो संकेत इथेच बाद. पुढच्या परीक्षेची गरजच नाही.

गुरुप्रचीती म्हणजे जाणत्याची साक्ष. दीक्षा दिलेले गुरू असतील तर उत्तम. नसतील तर दोन माणसं निवडा: एक साधनेतला मुरलेला, मग तो भजनी मंडळातला जुना माणूस असो की तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा कार्यकर्ता, आणि एक त्या विषयातला जाणता, म्हणजे पिकाचा प्रश्न असेल तर सहायक कृषी अधिकारी (आधीचा कृषी सहायक), आजाराचा असेल तर डॉक्टर, जमिनीचा असेल तर वकील. निवडताना एकच गाळणी लावा: तुमच्या निर्णयातून त्याला काही मिळणार असेल तर तो साक्षीदार होऊ शकत नाही. जमिनीवर डोळा असलेला शेजारी कितीही माळकरी असो. दक्षिणा ठरवून संकेताचा अर्थ सांगणाराही याच गाळणीत अडकतो.

या दोघांपुढे वही वाचून दाखवा, आठवणीतून सांगू नका. त्यांनी निकाल द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे. ‘हे आलं त्या दिवशी तुझं बायकोशी काय झालं होतं?’ असा एक प्रश्न दहा उपदेशांना भारी असतो. सामुदायिक प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे असा विषय मांडणं टाळा. तिथे पाच जण माना डोलावतात आणि तुम्ही अडकता.

आत्मप्रचीती ही तिसरी, आणि लोक तिलाच पहिली आणि एकमेव मानतात. ‘मला आतून वाटलं’ एवढ्यानं ती होत नाही. एक बैठक, एक स्वप्न ही प्रचीती नव्हे. शांत, पोट भरलेल्या, झोप झालेल्या दिवशीही तीच गोष्ट तशीच उभी राहते का, हे वहीवरून तपासा. संकेत फक्त जागरणाच्या, तापाच्या किंवा भांडणाच्या दिवशीच येत असेल, तर शरीराच्या अवस्थेच्या रकान्यानं उत्तर दिलेलंच आहे.

यात आम्ही चौथी साक्ष जोडू: त्या निर्णयाचा भार ज्याच्या अंगावर पडणार तो. गडी देवाच्या प्रेरणेनं वारीला, आश्रमात किंवा नर्मदा परिक्रमेला निघतो आणि वावर, ढोरं, कर्जाचा हप्ता बायकोवर टाकतो. तिला विचारलं होतं का, यावर गप्प होतो. ज्या प्रेरणेची किंमत पूर्णपणे दुसऱ्यानं चुकवायची आहे, ती थांबवून ठेवा.

किती थांबायचं? महिन्याच्या खर्चाच्या आतली गोष्ट असेल तर तीन रात्री. कर्ज, सोयरीक, मुलाचं शिक्षण सोडवणं असेल तर किमान एक महिना. जमीन विकणं, घर सोडणं, संन्यास असेल तर एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. पेरणीच्या आधी सुचलेलं दिवाळीनंतर माल घरात आल्यावरही तसंच वाटतं का, हे बघा; कर्ज डोक्यावर असतानाचं मन आणि माल विकल्यानंतरचं मन ही दोन वेगळी माणसं असतात. ख्रिस्ती साधकांमध्ये इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संताचा एक नियम आहे: मन उजाड झालेलं असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. मुसलमान घरांत इस्तिखारा असतो: दोन रकात नमाज आणि दुआ, की या कामात भलं असेल तर सोपं कर आणि नसेल तर मला त्यापासून दूर कर. स्वप्न पडलंच पाहिजे अशी अट त्यातही नाही, जरी लोक स्वप्नाचीच वाट पाहतात. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्यांनी घाईला असा सारखाच आवर घातला आहे.

म्हणून ‘आज रात्रीच कर आणि कुणाला सांगू नको’ असं सांगणारा संकेत न तपासता टाकून द्या. गुप्तधनाचा प्रत्येक प्रकार असाच सुरू होतो: स्वप्नात जागा दिसते, मग कुणीतरी ‘जाणकार’ येतो, मग पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधला जातो, पूजेचा खर्च वाढत जातो, आणि शेवटी गोष्ट कधी कधी एखाद्या लेकराच्या जिवापर्यंत जाते. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा विरोधी कायदा आहे. त्यात शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे धन निघालं तरी ते गुपचूप तुमचं होत नाही.

खऱ्या प्रेरणेची दिशा कोणती असते, हे आपल्याच मुलखात आणि परंपरेत पाहता येतं. तुकोबांच्या दुसऱ्या स्वप्नात नामदेव विठ्ठलासह आले आणि कवित्व करण्याचं काम सांगून गेले. अधिकार दिला नाही, काम दिलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, कुणाला पाया पडू दिलं नाही, शिष्य केले नाहीत. लहानपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी ज्ञानेश्वर माउलींकडून अनुग्रह झाल्याचं सांगितलं, आणि तरीही ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे ग्रंथ रचले त्यांत आपलं म्हणणं शास्त्र आणि युक्तिवाद यांवर घासून मांडलं. ‘मला दर्शन झालं, आता प्रश्न नको’ असं ते म्हणाले नाहीत. तुमचा संकेत तुम्हाला काम, क्षमा मागणं, एखादी सवय सोडणं, देणं फेडणं यांकडे नेत असेल तर त्याचं पारडं जड समजा. मोठेपणा, पैसा किंवा दुसऱ्यावरचा हुकूम याकडे नेत असेल तर हलकं.

गावात हमखास येणारी प्रकरणं

अंगात येणं. ज्या बाईच्या अंगात येतं तिची टिंगल करू नका आणि तिच्या तोंडून आलेल्यावर निर्णयही घेऊ नका. एरवी जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं त्या वेळी सगळं घर ऐकतं. ती काय बोलते यात तिचं दुखणं सापडतं. ते दुखणं दुसऱ्या दिवशी, ती शांत असताना, तिला विचारा. पण अंगात आलेल्या कुणीही, मग तो बाबा असो की बाई, ‘अमक्यानं करणी केली’ म्हणून नाव घेतलं, की तो विषय त्याच क्षणी बंद करा. नाव घेतलेल्या घरावर गाव चालून जातं, म्हातारी माणसं मार खातात, आणि ते परत भरून निघत नाही. अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं वर सांगितलेल्या जादूटोणा विरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

चिठ्ठ्या टाकणं. देवापुढे दोन चिठ्ठ्या ठेवून लेकराकडून एक उचलणं ही रीत फक्त तिथे वापरा जिथे दोन्ही बाजू सारख्याच चांगल्या आणि बदलता येण्यासारख्या आहेत: पंगत आधी कुणाकडे, मंदिराला रंग कोणता. सोयरीक, ऑपरेशन, जमीन यांना नाही. दुसऱ्यांदा टाकायची नाही. दुसऱ्यांदा टाकावीशी वाटली याचा अर्थ तुमचं मन आधीच ठरलेलं आहे, आणि तेवढं कळलं हाच चिठ्ठीचा फायदा. पोथी कुठूनही उघडून ओळ वाचण्यालाही हेच लागू.

पाणाड्या, म्हणजे जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगणारा. त्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून बोअर मारण्याआधी शेजारच्या विहिरी-बोअरांची खोली आणि उन्हाळ्यातलं पाणी यांची यादी करा, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. काळ्या बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात असतं. दहा पावलांवर चित्र बदलतं. श्रद्धेनं नारळ फोडायचा असेल तर खुशाल फोडा, जागा ठरल्यावर.

पेरणीचा कौल. अक्षय तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं पाऊस-पिकांचं भाकीत ऐकायला दूरदूरची माणसं जातात. जा, प्रथा म्हणून बघा. पण तिफण मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्यावरच धरा. संकेतावर धूळपेरणी केली आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीचं बियाणं कोणताही कौल देत नाही.

नवस. आपल्याला स्वतःला फेडता येईल तेवढाच बोला, आणि वहीत लिहून ठेवा. बायकोच्या उपासाचा, लेकराच्या जावळाचा, शेजाऱ्याच्या वर्गणीचा नवस आपण बोलायचा नसतो. कर्ज काढून नवस फेडू नका. देवळात पायी जाणं, सात दिवस गावाची शाळा झाडणं, एका पोराची पुस्तकं घेणं हेही नवस आहेत. आधीच बोलून बसलेला मोठा नवस झेपत नसेल तर देवापुढे तसं सरळ सांगून तो बदलावा. देव वसुलीला येत नाही, भीती दाखवून वसूल करणारी माणसं येतात.

प्रार्थनेनं थांबवायचं नाही असं काही

साप चावला तर अंगारा नाही, १०८ ला फोन. चावलेला भाग हलू देऊ नका, चिरा मारू नका, दोरी आवळू नका, ग्रामीण रुग्णालय गाठा. नाम गाडीत घेता येतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडा करणं हाही गुन्हा आहे.

आवाजाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. कधीतरी मनात एक वाक्य उमटणं वेगळं. पण दिवस-दिवस आवाज चालू राहणं, आवाजानं हुकूम देणं, झोप न होताही थकवा न येणं, भराभर पैसा उधळणं, ‘मीच अवतार’ असं वाटू लागणं ही आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. उपचार घेतल्यानं श्रद्धा उणी होत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येतं. आणि ‘देव बोलावतो आहे’, ‘मी गेलो तर घरच्यांचं कर्ज फिटेल’ असं कुणी बोललं, तर ते प्रेरणा म्हणून पारखायला घेऊ नका. त्याच तासाला त्याच्याजवळ बसा, फवारणीची औषधं आणि दोर घरातून हलवा, फोन लावा, त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

उत्तर आलंच नाही तर

बहुतेक वेळा असंच होतं. महिना गेला, वही अर्धी झाली, काही उमटलं नाही. मग शहाण्या माणसासारखा हिशेब करा: खर्च, धोका, घरच्यांचं मत, जाणत्याचं मत. निर्णय घ्या आणि सांजेच्या बैठकीत तो देवाला सांगा, ‘मी असं ठरवलं आहे, चुकत असेन तर अडव.’ एवढं बोलून कामाला लागा, रोज परत परत उकरू नका. मधले कोरडे दिवस, नाम घेताना काहीच न वाटणं, हेही वहीत एका ओळीत लिहा आणि बैठक पाच मिनिटांची करा, पण मोडू नका. कोरडेपणा सोबत आळस आणि चिडचिड घेऊन आला असेल तर आधी झोप आणि जेवण बघा.

निर्णयानंतर तीन महिन्यांनी त्या पानावर परत या आणि दोन ओळी जोडा: काय झालं, आणि घरातलं बोलणं आधीपेक्षा मऊ झालं की कडक. फायदा झाला म्हणून संकेत खरा आणि तोटा झाला म्हणून खोटा, असं धरू नका. कापसाचा भाव तुमच्या साधनेवर ठरत नाही. पाच-सहा निर्णयांच्या नोंदी झाल्या की तुमचं मन कोणत्या जागी देवाचं नाव पुढे करतं ते दिसू लागेल. कुणाचं ते भीतीत होतं, कुणाचं रागात, कुणाचं लोभात. त्या जागेभोवती लाल पेननं गोल करा, आणि पुढच्या वेळी तिथून काही आलं तर थांबण्याची मुदत दुप्पट धरा.